दाराबाहेरची हजेरी

माझ्या बानं सरांच्या खांद्यावर घोंगडं टाकलं आन सरांनी खांदा झटकला. माशी बसल्यावर म्हस झटकती तसा. घोंगडं स्टेजवर पडलं. समोर हॉल गच्च भरलेला. पोरं, पोरी, त्यांचे आईबाप, पहिल्या रांगेत सोफ्यावर संस्थेची माणसं. माईक चालू हुता.

"हे काय आहे? कुणी सोडलं याला वर?"

माईकवरनं त्ये सगळ्यांनी ऐकलं.

बा हसला. त्याला वाटलं, सर लाजलं. आमच्यात मान घेताना माणूस आधी नगं नगंच म्हणतो, आन देणाऱ्यानं जोर करायचा असतो. म्हणून बानं जोर केला. कनवटीचा भंडारा काढला, सरांच्या कपाळाला लावला, "बिरोबाच्या नावानं चांगभलं" म्हणाला. थोडा भंडारा सरांच्या पांढऱ्या शर्टावर सांडला. सरांनी बाचं मनगट दोन बोटांत धरलं, मेलेला उंदीर धरत्यात तसं, आन बाजूला केलं. मग शिपायाला हाक मारली.

"हे उचल इथून. आणि जरा फ्रेशनर मार."

शिपायानं डबा आणला. फुस्स. स्टेजवर मारला. घोंगड्यावर मारला. बाच्या धोतरावर बी मारला. पोरं हसाय लागली. सरांनी माईक जवळ घेतला.

"विद्यार्थ्यांनो, आज तुम्हाला अ‍ॅप्रन मिळतोय. प्रोफेशनॅलिझम म्हणजे काय ते पुढं शिकालच. काय नसतं, ते आत्ता बघून घ्या."

टाळ्या वाजल्या. मी स्टेजच्या पायरीवर रांगेत उभी हुते, अ‍ॅप्रन घ्यायला. माझ्या मागची पोरगी टाळ्या वाजवत हुती. मला त्या टाळ्यांचा आवाज अजून ऐकू येतो. आन राग येतो. पहिल्या दिवशी आलता तेवढाच येतो, उलट जरा जास्तच.

त्या घोंगड्याचं सांगते. लोकर आमच्याच मेंढरांची. सूत आयनं कातलेलं. विणून सणगराकडनं आणलेलं. आमच्यात ज्याचा लय मोठा मान करायचा त्याच्या खांद्यावर घोंगडं टाकत्यात. पुढारी आलं की ह्येच घोंगडं खांद्यावर घेऊन फोटो काढून घेत्यात, तवा कुणाला वास येत न्हाई. बा बिऱ्हाडावरनं चालत आलता. बिऱ्हाड म्हंजी मेंढरांबरोबर फिरतं घर. आमचं गाव जतच्या पूर्वेला, कर्नाटकाच्या हद्दीला. तिकडं पाणी न्हाई. म्हणून दिवाळी झाली की मेंढरं घिऊन आमी कृष्णेकडं येतो आन उसाच्या रानात मेंढरं बसवतो. रानमालकाला खत मिळतं, आमाला जोंधळं मिळत्यात. ज्या वर्षी मी कॉलेजात गेले त्या वर्षी बानं मुद्दाम आष्ट्याच्या बाजूची रानं धरली, पोरीच्या जवळ पडंल म्हणून.

कॉलेज असंच उसात बांधलेलं. शेजारी त्यांचंच हॉस्पिटल. नाव घेत न्हाई, घ्यायची गरज न्हाई. फिजिशियन असिस्टंटचा कोर्स. डॉक्टरच्या हाताखाली पेशंटची सगळी माहिती घ्यायची, तपासायचं, ऑपरेशनला हाताशी उभं राहायचं. बा सगळ्यांना सांगायचा, "पोरगी अर्धी डाक्टर हुनार हाय." अर्धी म्हणताना त्याची छाती दुप्पट व्हायची. आन त्या दिवशी अर्ध्या डॉक्टरच्या मास्तराला त्यानं आपल्या घरातलं सगळ्यात चांगलं दिलं, तर त्याच्यावर फवारा मारला.

माझी पाळी आली तवा सरांनी अ‍ॅप्रन मला घातला न्हाई. बाकीच्यांना घातला. मला एका टोकाला धरून दिला.

सर आमचे विभागप्रमुख. प्रोफेशनॅलिझमचा तास त्येच घ्यायचे, रोज सकाळी पहिला. तासाला बसणं सक्तीचं. हजेरी भरली न्हाई तर परीक्षेला बसू देत न्हाईत, मग पेपर किती बी पाठ असू द्या. नियम चांगलाच हाय. पेशंटच्या अंगाला हात लावायचा तर माणूस वर्गात बसलेला पायजे, ह्यात काय वाद न्हाई. मी तर एक तास चुकवत नव्हते. पण सरांनी पहिल्याच आठवड्यात मला उठवलं. एका पोराला पेशंट केलं आन मला म्हणाले, विचार याला, काय होतंय.

मी विचारलं, "काय हुतंय? कवापासनं दुकतंय?"

वर्ग खदाखदा हसला. सर हसले न्हाईत. दाराकडं बोट केलं.

"बाहेर. बोलायला शिकून ये."

मी बाहेर गेले. दुसऱ्या दिवशी कळलं, माझी गैरहजेरी मांडली. मी सरांच्या केबिनमध्ये गेले. म्हणलं, सर, मी तर आलते.

"आली होतीस. पण प्रोफेशनली प्रेझेंट नव्हतीस."

ह्ये वाक्य मी खोलीवर जाऊन चारदा घोळवलं, तरी मला त्याचा अर्थ लागला न्हाई. आता लागतो. त्याचा अर्थ, तू हितली न्हाईस.

मग त्ये रोजचंच झालं. कवा केसाला तेल जास्त म्हणून. कवा चप्पल म्हणून. कवा निस्तं नाक मुरडून, "कुणीतरी खिडकी उघडा रे," म्हणायचे आन माझ्याकडं बघायचे. मग मी आपणहून उठायचे. दाराबाहेर फरशीवर बसायचे. भिंतीला कान लावून ऐकायचे. प्राजक्ता म्हणून माझी खोलीतली मैत्रीण, कराडच्या भांडीवाल्याची पोरगी, ती दाराच्या फटीत आपली बॅग सारून ठेवायची, म्हंजी मला आतलं ऐकू येईल. सरांना त्ये दिसलं की ते बॅग लाथेनं सारायचे आन दार लावून घ्यायचे. तेवढं करायला त्यांना वेळ हुता.

आन यशराज. त्याचं नाव मी घेणार. त्याचा चुलता संस्थेत. यशराज कॉलेजला यायचा म्हंजी कॅन्टिनला यायचा. नायतर कोल्हापूरला, नायतर गोव्याला. हजेरी घेताना त्याच्या नावाला मागनं कुणीतरी "प्रेझेंट" म्हणायचं आन सर मान बी वर न करता पुढं जायचे. त्याचं गैरहजर असणं बी हजर, माझं हजर असणं बी गैरहजर. आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं. आन गंमत ऐका. आमची मेंढरं ज्या रानात बसायची त्ये रान यशराजच्याच घरचं. आमच्या लेंड्या त्यांच्या उसाला चालत्यात. उसाला वास येत न्हाई.

खरं सांगू का, तवा मला वाटायचं चूक माझीच हाय. वासाचा साबण आणला. अ‍ॅप्रन रोज धुवायचे, दोनदा धुवायचे, हाताची सालटी निघाली. आरशापुढं उभी राहून म्हणायचे, "काय होतंय? केव्हापासून दुखतंय?" बिऱ्हाडावर जायचं बंद केलं, वास लागंल म्हणून. आय निरोप पाठवायची, मी अभ्यास हाय म्हणायचे. मला माझ्याच माणसांपासनं लांब केलं ह्या माणसानं. ह्येचा हिशोब मी सगळ्यात वर ठेवलाय.

पहिली दोन वर्षं मी दंड भरून कशीबशी परीक्षेला बसले. तिसऱ्या वर्षी परीक्षा जवळ आली तवा ज्यांची हजेरी कमी त्यांची नावं भिंतीवर लागली. माझं हुतं. यशराजचं अर्थातच नव्हतं. मी सरांकडं गेले.

"वडिलांना घेऊन ये," सर म्हणाले. "अ‍ॅप्रनच्या दिवशी केलेल्या तमाशाबद्दल आधी त्यांनी माफी मागायची. मग बघू."

मी बाला सांगणारच नव्हते. प्राजक्तानं सांगितलं. तिनं भल्यासाठीच सांगितलं. बा दुसऱ्या दिवशी दारात उभा. मेंढरं आयवर टाकून आलता. धुतलेलं धोतर, डोक्याला नवा पटका. केबिनच्या बाहेर पायताण काढलं. सर मोबाइल बघत हुते. बसा म्हणाले न्हाईत.

"चुकलं सायेब," बा म्हणाला. "अडानी मानूस हाय. मला वाटलं, मान करावा. पोरीला त्येची शिक्षा नगं."

आन मी हात धरायच्या आत बा वाकला. सरांच्या बुटावर डोकं टेकवलं. माझ्या बानं. जो दांडगा लांडगा काठीनं मारतो त्यानं. सरांनी खुर्ची मागं सरकवली, चाकाची खुर्ची, सर्रकन मागं गेली आन बाचं डोकं फरशीला लागलं.

"ठीक आहे, ठीक आहे. हात लावू नका." मग माझ्याकडं न बघता, "पुढच्या आठवड्यात इन्स्पेक्शन आहे. व्यवस्थित वागलीस तर हजेरी अ‍ॅडजस्ट करू. वागलीस तर."

बाहेर आल्यावर बाचा चेहरा उजळला हुता. "झालं न्हवं काम? निस्तं वाकाया काय जातंय?" कपाळावर फरशीची धूळ तशीच. मला टपरीवर घिऊन गेला, च्या पाजला. मला त्या वक्ताला सरांचा गळा धरावा वाटला. खोटं कशाला बोलू? दोन्ही हातानं धरावा आन सोडू नये, असं वाटलं. बा आपला बशीत च्या वतून फुरके मारत हुता आन कोकरांच्या गप्पा सांगत हुता.

त्या दिवशी माझ्यातलं काय तरी उलटं झालं. वासाचा साबण मी कचऱ्यात टाकला. आरशापुढं बोलणं सोडलं. संध्याकाळी बिऱ्हाडावर गेले, वाघरात शिरले, म्हंजी जाळीच्या कुंपणात, आन मेंढरांत बसले. आयला म्हणलं, मला जेवाय वाढ. आय म्हणाली, "आगं, येवडी का रडतीस?" मी रडत नव्हते. दात खात हुते.

आता इन्स्पेक्शन म्हंजी काय त्ये सांगते, न्हाईतर पुढचं कळायचं न्हाई. बाहेरनं तपासणीचे डॉक्टर येत्यात. कॉलेज चालवायचं तर हॉस्पिटलात पेशंट दिसले पायजेत, खाटा भरलेल्या पायजेत. आमच्या हॉस्पिटलात एरवी निम्म्या खाटा मोकळ्या. म्हणून इन्स्पेक्शनच्या दिवशी सकाळी हॉस्पिटलच्या गाड्या आसपासच्या वस्त्यांवर जायच्या. जेवण देतो म्हणायचं, माणसं उचलायची, झगा घालायचा, खाटेवर आडवं करायचं. पायथ्याला एक केसपेपर लावायचा. संध्याकाळी परत सोडायचं. सगळ्या पोरांना ठावं. सगळे मूग गिळून गप. प्राजक्ता आदल्या दिवशी मला म्हणाली, "गप्प बस गं बाई. एका दिवसाचा तर प्रश्न आहे. एकदा परीक्षा झाली की तू तुझ्या वाटेनं, ते त्यांच्या." मी तिला शब्द दिला, गप बसते. खरंच बसणार हुते. परीक्षा मला बी द्यायची हुती. बाचं डोकं त्याच्यासाठीच टेकलेलं हुतं.

माझी ड्यूटी बायकांच्या वॉर्डात लावली. मी आत गेले. सगळ्या खाटा भरलेल्या. पांढऱ्या चादरी, फिनेलचा वास. कडेच्या खाटेवर माझी आय.

हिरवा झगा घातलेला. कपाळावर कुकू तसंच. मला बघून एवढी हसली, एवढी हसली, की मला आधी काय कळंचना. मी पळत गेले.

"आय, तू हितं कशी?"

"आगं, गाडी आल्ती बिऱ्हाडावर. म्हनं कालिजात मोठं सायेब येनार हायेत, निस्तं पडून ऱ्हायाचं. तुजा बा म्हनलाच व्हता की, ही तपासनी नीट झाली की पोरीची हजेरी भरती. म्हनलं मग मी बी जाती. आपलं एक मानूस पडलं तर तेवडीच तुजी हजेरी वाडंल."

तिला वाटलं, ती खाटेवर पडली की माझ्या हजेरीत भर पडती. कुणाच्या आयला असं वाटंल? आमच्याच. जिच्या घरात हजेरी म्हंजी काय त्येच कुणाला ठावं न्हाई, तिच्याच आयला. मी हसावं का रडावं? मग माझं लक्ष तिच्या हाताकडं गेलं. सलाइन लावलेलं. मला वाटलं निस्तं टेप चिकटवलंय, दरवर्षी तसंच करत्यात. न्हाई. सुई खरी टोचलेली. टेपखाली रगत साकळलेलं, हात सुजलेला.

"ह्ये कुणी टोचलं?"

"बाई आल्ती. म्हनली सायेब म्हनत्यात खरं दिसाया पायजे. दुकतंय जरा. ऱ्हाऊ दे. तुज्यासाटी हाय न्हवं."

धडधाकट बाई. सकाळी मेंढरांचं दूध काढून आलेली. तिला सुई टोचली, खरं दिसाया पायजे म्हणून. मी सुई काढणारच हुते, तेवढ्यात दारातनं सगळी मंडळी आली. तपासणीच्या एक वयस्क डॉक्टर मॅडम, त्यांच्याबरोबर एक जण, आन सर. सरांच्या गळ्यात टाय. तोंडावर हसू. चालत चालत सर माझ्या आयकडं बघून गेले. वळखलं न्हाई. कशाला वळखतील? ती कोण?

मॅडम माझ्यापाशी थांबल्या. "तू थर्ड इयरची ना? या पेशंटची केस सांग बरं."

सरांनी माझ्या मागं येऊन हळूच सांगितलं, "नीट. हजेरी लक्षात आहे ना?"

मी पायथ्याचा केसपेपर हातात घेतला. नाव दुसरंच. पित्ताशयात खडे. उद्या ऑपरेशन. मला सगळं पाठ हुतं, खडे झाल्यावर कुठं दुखतं, काय विचारायचं, कुठं दाबून बघायचं. शुद्ध मराठीत, इंग्रजीत, कसं बी सांगता आलं असतं. तोंड उघडलं बी. "पेशंटचं नाव..." म्हणाले आन आयकडं बघितलं. ती माझ्याकडं बघत हुती. माझी पोरगी सायबापुढं बोलतीय म्हणून तिचे डोळे भरलेले. आन मला बाचं फरशीवरचं डोकं दिसलं.

केसपेपर मी खाटेवर ठेवला.

"मॅडम, ह्यात लिवलंय त्ये खोटं हाय. ह्या बाईला खडे न्हाईत. काय बी झालेलं न्हाई. ही माझी आय हाय. मेंढरं राखती. सकाळी गाडीनं उचलून आणलीय. ह्ये बघा, बरं असलेल्या माणसाच्या हातात सुई टोचलीय."

सरांचं तोंड पडलं, मग लाल झालं.

"मॅडम, ही मुलगी जरा... हिची हजेरी कमी आहे, म्हणून हा सगळा आकस."

मॅडमनं मला विचारलं, "हजेरी का कमी आहे?"

"मी वर्गाच्या बाहेर बसते, मॅडम. ह्ये मला बाहेर काढत्यात आन गैरहजर मांडत्यात. जो वर्गात कवाच येत न्हाई त्यो मात्र रोज हजर असतो. यशराज त्याचं नाव. आज सगळ्यांना यायची सक्ती हाय. बोलवा त्याला. आत्ता."

दाराशी पोरं गोळा झालती. मॅडमनं नाव पुकारलं. मागनं एकानं सवयीनं "प्रे" म्हणलं आन माझ्याकडं बघून तिथंच थांबला. यशराज गोव्यात हुता. तेवढ्यात माझी आय उठून बसली. आतापतुर ती "आगं गप, आगं गप" करत हुती. सर तिच्यावर खेकसले.

"ए बाई, आडवी हो!"

आयनं त्यांना वरनं खालपतुर बघितलं.

"का रं आडवी हू? धडधाकट हाय मी."

आन शेजारच्या खाटेवरची म्हातारी बी उठली. "मला बी काय न्हाई बया. जेवान कवा देनार त्ये सांगा." तिसरी उठली. मला हसू फुटलं. भर वॉर्डात, सरांच्या तोंडावर, मी खळखळून हसले. असं हसू मला पुन्हा कवा येईल का न्हाई, ठावं न्हाई. आयच्या हातातली सुई मी काढली. बोळा दाबून धरला. ती म्हणाली, "आता तुजी हजेरी भरंल न्हवं?"

न्हाई भरली.

ह्ये काय सिनेमा न्हाई. सर दुसऱ्या दिवशी परत खुर्चीत बसले. मला मात्र कॉलेजातनं काढून ठेवलं, चौकशी हुईपर्यंत. कारण काय, सांगू? अनप्रोफेशनल वर्तन. पेशंटची खाजगी माहिती चारचौघांत उघड केली म्हणून. पेशंट कोण? माझी आय. माहिती काय? की ती बरी हाय. मला त्ये वाचून सरांचं कौतुकच वाटलं. निर्लज्जपणाला बी हुशारी लागती.

तिसऱ्या दिवशी यशराजच्या चुलत्याचा माणूस रानात आला. म्हणाला, मेंढरं हलवा. आजच्या आज. बानं वाघर गोळा केली, कोकरं घोड्यावर बांधली, आन हंगाम संपायच्या आत आमचं बिऱ्हाड उठलं. बा माझ्याशी बोलंना. निघताना तेवढं म्हणाला, "गप बसली असतीस तर काय बिगडलं असतं? माझं डोकं टेकलं त्ये बी फुकाट घालवलंस." मला लागलं. लय लागलं. पण बाचं बी खोटं न्हाई. पोराबाळांसाठी वाकायचं, ह्येच त्याला जल्मभर शिकवलंय लोकांनी.

प्राजक्ता अजून बोलती. चोरून. बाकीच्या पोरी मला बघून वाट बदलत्यात. त्यांना परीक्षा हाय.

आता चौकशी सोमवारी सातारला हाय. मॅडमनं लिहून दिलेलं खरं का खोटं, त्ये समिती ठरवणार. मला बोलावलंय. आयला बी बोलावलंय. आन काल सरांनी मला बोलावलं. केबिनमध्ये नव्हं, हॉस्पिटलच्या मागं, पार्किंगमध्ये. पहिल्यांदा माझ्यासमोर उभे राहून बोलले. पहिल्यांदा मला "बेटा" म्हणाले.

"बेटा, रागाच्या भरात बोललीस, आम्ही समजू शकतो. समितीला एवढंच सांग, माझा गैरसमज झाला होता. तुझी हजेरी पूर्ण होईल. परीक्षेला बसशील. पुढं इथंच नोकरी. तुझे वडील परत रानात येतील, मी बोललोय यशराजच्या काकांशी."

मी इचारलं, "आन न्हाई सांगितलं तर?"

"तर तुझंच नुकसान. वर्ष जाईल. कदाचित कोर्सही. आणि या दोन जिल्ह्यांत कुठल्या हॉस्पिटलात तू उभी राहतेस ते मी बघेन."

म्हंजी बघा, जी हजेरी तीन वर्षं वर्गात बसून भरत नव्हती ती आता एका खोट्यात भरणार. मी त्यांच्याकडं बघत हुते. घाम आलता त्यांना. मला त्यो घाम बघून बरं वाटलं. कुणाला वाईट वाटायचं असंल तर वाटू द्या. मला बरं वाटलं. तीन वर्षं मी त्या माणसाच्या नाकाकडं बघून जगले, त्ये कवा मुरडतंय आन कवा न्हाई. काल त्यो माझ्या तोंडाकडं बघत हुता.

"सर," मी म्हणलं, "माझं नुकसान हुईल, मला ठावं हाय. पण तुमचं आधी हुईल."

आन निघून आले. मागं बघितलं न्हाई.

बाला त्यांचा निरोप पोचलाय. बा म्हणतोय, घे पोरी, मिळतंय त्ये घे. प्राजक्ता म्हणती, परीक्षा दे, मग काय करायचं त्ये कर. कुणी म्हणतं, मोठं मन कर, माफ कर. मोठं मन करायचं काम आमच्याच वाट्याला का येतं, त्ये मला कुणी सांगत न्हाई. ज्याचं पोट भरलंय त्याला कुणी म्हणलंय का कवा, मन मोठं कर?

मी माफ करणार न्हाई. न्याय मिळंल का, मला ठावं न्हाई. समितीत बी त्यांच्याच वळखीची माणसं असतील, च्या त्यांच्याच घरचा पितील. मॅडमचं कुणी ऐकंल का न्हाई, त्ये बी ठावं न्हाई. मला एवढंच ठावं हाय की सोमवारी सकाळच्या एसटीनं मी आन आय सातारला जाणार. आयचा हात अजून काळानिळा हाय, ती त्यो झाकणार न्हाई. मी माझ्या बोलीत बोलणार. गाड्या कुठल्या वस्तीवर गेल्या, सुई कुणी टोचाय लावली, वर्गातनं मला कसं काढलं, यशराजच्या नावाला कोण ओरडायचं, एक बी गाळणार न्हाई. प्राजक्ताला बी सोडणार न्हाई. तिला साक्षीला बोलवा म्हणणार. ती रडली तरी बोलवा म्हणणार.

माझं वरीस गेलं तर जाऊ दे. कोर्स गेला तर त्यो बी जाऊ दे, मेंढरं राखायला मला कुणाच्या हजेरीची गरज न्हाई. पण त्या माणसाची खुर्ची गेली पायजे. आन ती कुणामुळं गेली, ह्ये त्याला मरंस्तवर ठावं पायजे.